पाणकराची बांधी

दसरा सरला की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरकडे जाण्यासारखं हे दुखणं नाही. पुस्तकात त्याला असूया म्हणतात, आमच्याकडे सरळ जळणं म्हणतात. लवकर येणारा हलका धान कापून झालेला असतो, बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, त्याच्या कडपा पसरलेल्या असतात. उशिरा पिकणारा भारी धान मात्र अजून हिरवापिवळा उभा असतो आणि दाणा भरायला त्याला आणखी एक पाणी हवं असतं. तलावातलं ते शेवटचं पाणी. ते सुटायची वेळ आली की मला गोंदियातल्या माझ्या टेबलापाशी बसल्या बसल्या कळतं, कारण त्याच आठवड्यात रश्मीचं स्टेटस बदलतं. यंदाच्या फोटोत तलावाची पाळ होती, पाळीवर धुकं होतं आणि कोपऱ्यात दोन चिखलाचे पाय होते. चेहरा फोटोत नव्हता. पण डाव्या पायाच्या करंगळीचं ते वाकडं नख मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? पाय माझ्या बाबांचे होते. खाली रश्मीनं हिंदीत लिहिलं होतं, "मेरे गुरुजी". मी फोन पालथा घातला आणि समोरच्या फायलीत डोकं घातलं.

फाइल ओजेटीची, म्हणजे ऑन-द-जॉब ट्रेनिंगची होती. मी एका खासगी कॉलेजात हेच काम करते. शिकता शिकता विद्यार्थ्यानं कुठंतरी प्रत्यक्ष काम करून यायचं, तिथला शिक्का आणायचा, अहवाल लिहायचा, त्याचे गुण मिळतात. त्या सगळ्या कागदांची देखभाल माझ्याकडे. पोरं फॉर्म घेऊन येतात आणि एकच विचारतात, मॅडम, चांगली जागा कोणती? चांगली म्हणजे काय ते मला विचारावं लागत नाही. जिथं काचेचं दार आहे, एसी आहे, गळ्यात अडकवायला कार्ड मिळतं आणि प्रमाणपत्र जाड कागदावर छापून येतं, ती. परवा एक मुलगी राइस मिलच्या प्रयोगशाळेचं पत्र परत करायला आली होती. घरी धानच, इथंही धानच, मग शिकायचं काय, असं तिचं म्हणणं. मी तिला उपदेश केला नाही. कुठल्या तोंडानं करणार? मीही एकदा असंच एक पत्र परत केलं होतं.

मी आणि रश्मी एम.ए.ला एका बाकावर बसायचो. विषय भूगोल. मी सडक अर्जुनी तालुक्यातली, गोंदियाजवळ फुलचूरला खोली करून राहणारी. ती गोंदियाच्या बाजारातली, वडिलांचं कापडाचं दुकान, घरात हिंदी. तिला मराठी यायचं ते वर्गापुरतं. धान आणि तांदूळ यांत ती गडबड करायची आणि आम्ही हसायचो. मी जास्त हसायचे, हे आज कबूल करते. एकदा तिनं मला विचारलं होतं की भारी धान म्हणजे वजनाला भारी का. मी ते वर्गभर सांगत फिरले.

ओजेटीच्या जागांची यादी दसऱ्याआधी लागली. सरांनी वर्गात वाचून दाखवली. एक बँक, दोन राइस मिल, एक दवाखान्याचा स्वागतकक्ष, एक संगणकाचं ऑफिस, आणि जुने तलाव दुरुस्त करणाऱ्या एका संस्थेत तलावांची नोंद करायचं काम. सरांनी माझ्याकडे बघून तलावाचं पत्र पुढं केलं. आम्ही कोहळी. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले, हे त्यांना ठाऊक होतं. माझे बाबा गावचे पाणकर आहेत, म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या बांधीत कधी जाईल हे ठरवणारा माणूस, हेही त्यांना ठाऊक होतं. सरांना वाटलं, ही पोर खूश होईल. मी म्हटलं, सर, तलाव तर मी जन्मापासून पाहते आहे, मला काहीतरी नवीन शिकायचं आहे. आणि मी संगणकाचं ऑफिस मागून घेतलं.

रश्मी त्या दिवशी तापानं घरी होती. ती आली तेव्हा यादीत तलावच उरले होते. ती रडकुंडीला आली. मला सायकलसुद्धा येत नाही, मी पाळीवर कशी चढू, म्हणाली. मी मोठ्या मनाची. तिला म्हटलं, तू आमच्याच घरी जाऊन राहा, माझे बाबा तुला तलाव दाखवतील. वर हेही सांगितलं की ते फारसं बोलत नाहीत, तू आपली मोजमापं घे आणि ये. कोहमाऱ्याला उतरून पुढं कोणती काळीपिवळी जीप घ्यायची ते कागदावर लिहून दिलं. माझी दुलई कुठल्या पेटीत आहे तेही सांगितलं. आपल्या हातानं आपलं घर इतक्या नीटपणे दुसऱ्याला देऊन टाकणारी माणसं फार नसतील.

माझं ऑफिस मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. दार ढकललं की थंड वारा अंगावर यायचा. कार्डावर माझा फोटो होता. मी तिथं पुष्कळ शिकले. रकान्यांत सूत्रं कशी घालायची, एका यादीतलं नाव दुसऱ्या यादीत कसं शोधायचं, साहेबांना मेल लिहिताना सुरुवात काय नि शेवट काय, फोनवर "जी सर, देखकर बताती हूँ" कसं म्हणायचं. हे सगळं आजही माझ्या पोटापाण्याला उपयोगी पडतं. एक दिवस भरायच्या कागदांत आमच्याच तालुक्यातल्या गावांची यादी आली. त्यात आमच्या गावाचं नाव चुकलेलं होतं आणि तलावाच्या पुढं "नाही" असं लिहिलेलं होतं. मी शेजारच्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, जो लिखा है वही डालो. मी डाललं. ज्या तलावाच्या पाण्यावर मी एम.ए.पर्यंत पोहोचले होते, तो मी माझ्या हातानं, दोन बोटांनी, नाही करून टाकला. त्या वेळी मला वाईट वाटलं नाही. नियमाप्रमाणे काम करायला शिकले, असंच वाटलं.

तिकडून आईचे फोन यायला लागले. आधी आईचा फोन म्हणजे माझ्या जेवणाची चौकशी. आता चौकशी दोन वाक्यांत उरकायची आणि मग रश्मी सुरू व्हायची. रश्मी शिंगाडे उकडायला शिकली. रश्मीच्या पायाला जळू लागली तर ओरडली नाही, मीठ मागितलं. रश्मीच्या केसांना मी तेल लावून दिलं. तुही मैत्रीण लय चांगली हाये, आई म्हणाली, ताटात एक शीत टाकत नाही. मी ताटात शितं टाकते, हे वीस वर्षांत आईनं मला कधी इतक्या गोडीनं सुनावलं नव्हतं. मी विचारलं, बाबा काय म्हणतात? आई म्हणाली, "तुहा बाबा? थो त बोलूनच राहिला."

हे वाक्य मला झोंबलं. आमच्या घरी बाबा दिवसाला मोजून पाचसहा वाक्यं बोलत. वाढ. पुरे. दार लाव. माझ्या दहावीच्या निकालाला ते "बरं" म्हणाले होते आणि पदवीच्या निकालाला "बरं झालं". बाबांकडे शब्दच कमी आहेत, काही माणसांची जमीन कमी असते तसं, अशी माझी समजूत होती आणि त्यावर मी कधीच रुसले नव्हते. आता कळलं की शब्द होते, आपल्याला मिळाले नव्हते.

पुढच्या रविवारी मी न कळवता गावी गेले. सकाळची वेळ होती. धानाच्या फुलोऱ्याचा तो ओलसर, किंचित दुधासारखा वास येत होता. तो वास वर्षातून इतके थोडे दिवस येतो की आला म्हणता म्हणता जातो. टिटव्या ओरडत होत्या. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत पाळीकडे गेले आणि खालीच थांबले. वर तुडुमाजवळ ते दोघं बसले होते. तुडूम म्हणजे तलावातून पाणी सोडायची दगडी बांधणी. तिला एकाखाली एक भोकं असतात, भोकांत खुंटे ठोकलेले असतात. रश्मीच्या मांडीवर वही होती. माझा जुना पंजाबी ड्रेस तिच्या अंगावर होता. बाबा हातवारे करून बोलत होते. तेही हिंदीत. माझ्या बाबांना हिंदी येतं हे मला त्या दिवशी कळलं. "बेटी," ते सांगत होते, "पानी को घाई नहीं चलती." ती काहीतरी म्हणाली आणि बाबा हसले. दात दिसतील असे हसले.

मी वर गेले नाही. जावं, रश्मीच्या पाठीत एक धपका घालावा, बाबांच्या शेजारी बसावं, इतकं ते सोपं होतं.  पण मी तशीच वळले आणि आमच्या बांधीशी जाऊन उभी राहिले. आमची बांधी तलावाला अगदी लागून, पाळीच्या पायथ्याशी. पाणी सुटून तीन दिवस झाले होते, पाट भरून वाहत होता, आणि आमच्या बांधीत मात्र बोट जाईल अशा भेगा होत्या. आई निंदायला आली होती. ती नेहमीचं गाऱ्हाणं घेऊन बसली, की हा माणूस गावाले पानी पाजून राहिला आणि आपल्याच धानाचा घसा कोरडा. मीही नेहमीचंच उत्तर दिलं, की बाबांना कोणी जुमानत नाही.

हे आमच्या घरचं जुनं दुखणं होतं. लहानपणापासून मी बघत आले होते की सगळ्या गावाच्या बांध्या भिजल्या की मग आमची भिजते. कधी पाणी कमी पडलं तर आमचीच अर्धी राहते. शाळेतली एक मुलगी एकदा म्हणाली होती, तुह्या बाबाले लोकाईचं भेव वाटते. मी तिच्याशी भांडले, तिची वेणी ओढली, आणि घरी येईपर्यंत माझी खात्री पटली होती की तिचंच खरं आहे. बाबा भित्रे आहेत. दमदार असते तर तलावाच्या तोंडाशी बांधी असलेला माणूस शेवटी पाणी घेता का? त्यांना मी विचारलं नाही. बापाला तू भित्रा का आहेस असं कसं विचारायचं? मी फक्त ठरवलं की आपण असं व्हायचं नाही. काचेच्या दाराकडे मी धावले त्यात हेही होतंच.

उन्हाळ्यात त्याच संस्थेत एक जागा निघाली. गावोगावच्या तलावांवर जायचं, पाणकरांशी बोलायचं, नोंदी करायच्या, दुरुस्तीचं काम बघायचं. मी अर्ज केला, रश्मीनंही केला. इतकी मनापासून मी आजवर दुसरी कुठलीही नोकरी मागितलेली नाही. कारण खरं सांगते. ती मला हवी होती म्हणून नव्हे, ती तिला मिळू नये म्हणून. मग तयारी करता करता ती मला खरोखरच हवीशी वाटायला लागली. घरापासून जवळ, विषय आपला, माणसं आपली. माझ्याकडे संगणक होता, बोली होती, जात-गोत होतं, पाणकराचं घर होतं. तिच्याकडे काय होतं? सहा आठवडे आणि एक वही.

मुलाखतीला एक पांढऱ्या दाढीचे सर होते आणि एक ताई. संगणकाचे प्रश्न मी धडाधड सोडवले. मग सरांनी हळूच विचारलं, "सडक अर्जुनीकडच्या एका गावात पाणकराची स्वतःची बांधी तलावाला लागून आहे, तरी ती सगळ्यात शेवटी भिजते. का असेल?"

मला तर घबाड सापडल्यासारखं झालं. हा प्रश्न माझ्यासाठीच होता. मी खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, "सर, ते माझंच गाव. ते पाणकर माझे बाबा आहेत." सर हसले, म्हणाले, मग तर तुम्हीच सांगा. आणि मी सांगितलं. बाबा स्वभावानं गरीब आहेत, लोक त्यांचं ऐकत नाहीत, ज्याचा आवाज मोठा तो आधी पाणी नेतो, म्हणून संस्थेनं अशा ठिकाणी कडक नियम करून द्यायला हवेत. घरातली गोष्ट मोकळेपणानं सांगितल्याचा मला अभिमान वाटत होता. ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. सर म्हणाले, ठीक आहे, धन्यवाद.

जागा रश्मीला मिळाली. ती पेढे घेऊन फुलचूरला माझ्या खोलीवर आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. तेरे घर की वजह से मिला, म्हणाली. ती लबाड असती तर किती बरं झालं असतं. तिच्याबद्दल वाईट बोलून मी मोकळी झाले असते. पण रश्मीत वाईट काही सापडत नाही, आणि मी शोधलं नाही असं नाही. जाताना ती तिचा अहवाल ठेवून गेली. काकाजींना एक प्रत द्यायची आहे, तू गावी जाशील तेव्हा दे.

मी तो त्याच दुपारी वाचायला घेतला. आधी तिच्या मराठीतल्या चुका शोधल्या. पेन्सिल घेऊन बसले होते. "पाळ" आणि "पाल" यांत तिनं घोळ केला होता, तिथं मी वर्तुळं काढली. चौथ्या पानावर आमच्या गावाचा नकाशा होता, हातानं काढलेला. प्रत्येक बांधीला क्रमांक. एक क्रमांक तलावापासून सगळ्यात लांबच्या बांधीला, अगदी टोकाला. शेवटचा क्रमांक पाळीच्या पायथ्याशी, आमच्या बांधीला. मला आधी वाटलं, पोरीनं नकाशा उलटा काढला. मग खालचं वाचलं. तिनं बाबांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं:

"टोकाच्याले पह्यले देवा लागते. पानी साऱ्याईच्या दारावरून जाते, पर थांबत नाही. जाता जाता वरच्याईले ओल भेटते. अन् पाणकराची बांधी शेवटी. माही बांधी पह्यले भिजली त मी कोनाले थांब म्हनू?"

पेन्सिल माझ्या हातातच राहिली. एवढंच होतं तर. भीती नव्हती. गावात एकही माणूस बाबांसमोर पाटाचं तोंड फोडत नव्हता ते यामुळे. धुऱ्यावरून जाताना म्हातारी माणसंसुद्धा त्यांना हात जोडत, त्याला मी कीव समजत होते. ज्या घरात हा नियम पाळला जात होता, त्याच घरात तो कोणाला माहीत नव्हता. आई कुरकुरत राहिली, मी लाजत राहिले, आणि बाबा गप्प राहिले. परकी पोर आली, तिला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. मला सगळं माहीत होतं. अशी चूक पाणकराच्याच घरात होऊ शकते. दुसऱ्या कुणाला ती करायची म्हटली तरी जमायची नाही.

माझ्या बापाला मी परक्या माणसांसमोर भित्रा ठरवून आले होते, एका नोकरीसाठी. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. रश्मीला मुलाखतीतलं कळलं असेल की नाही, देव जाणे. कळलं असलं तरी ती बोलणार नाही. तिचा हा चांगुलपणासुद्धा माझ्या डोळ्यांत खुपतो.

अहवाल मी बाबांना नेऊन दिला, पेन्सिलची वर्तुळं खोडून. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, नकाशावर बोट फिरवलं आणि कपाटात ठेवला. बरं केलं पोरीनं, म्हणाले. तेव्हा मला बोलता आलं असतं. पण मी इतकी चिडलेली होते की चहा घेऊन निघाले. त्यानंतर या मोसमात मी गावी जायचंच टाळलं. एका वर्षी परीक्षेचं काम काढलं, एका वर्षी ताप काढला. रश्मी मात्र दरवर्षी जाते. आता तिच्या हाताखाली पुष्कळ तलाव आहेत, पण शेवटच्या पाण्याला ती आमच्याकडे हजेरी लावतेच. आई तिच्यासाठी शिंगाडे राखून ठेवते.

कामाचा अनुभव, कौशल्य, असे शब्द माझ्या फॉर्मांवर रोज छापलेले असतात. विद्यार्थ्यानं कोणती कौशल्ये मिळवली, असा एक रकाना आहे. पोरं त्यात संवादकौशल्य, संघभावना, वेळेचं नियोजन असं एकमेकांचं बघून लिहितात. मीही तसंच लिहिलं होतं. रश्मीनं काय लिहिलं होतं ते मी आमच्या जुन्या सरांकडे जाऊन पाहिलं होतं. असूया माणसाला कुठं कुठं नेते. तिनं लिहिलं होतं, "न समझे तो पूछना." मराठी रकान्यात सरळ हिंदी. सरांनी त्याला गुण कापले होते. माझ्या मनाला तेवढाच गारवा वाटला.

यंदा ते पायांचं स्टेटस पाहिलं आणि दोन दिवस मला काही गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला. का जाते आहे हे मला नीट सांगता आलं नसतं. एवढंच वाटत होतं की त्या फोटोच्या चौकटीतून रश्मीला बाजूला करावं. कोहमाऱ्याला उतरले तर हायवेवर ट्रकांची रांग, ढाब्यांवर फोडणीचा वास, आणि रस्त्याच्या कडेला टोपल्यांमधून काळे, उकडलेले शिंगाडे. मी पावशेर घेतले आणि काळीपिवळीत बसून खात गेले. ओठ काळे झाले. रश्मी आदल्या दिवशीच दुसऱ्या गावी गेली होती. आईला फोन करून मी आधीच विचारून घेतलं होतं.

सकाळी बाबा निघाले तसे मीही निघाले. त्यांनी मागं वळून पाहिलं. "कायले येऊन राहिली?" म्हणाले. मी म्हटलं, अशीच. त्यांनी चाल थोडी कमी केली. त्यांच्या गुडघ्यामुळेही असेल. पाळीवर दव होतं, चपला घसरत होत्या, मग मी त्या हातात घेतल्या. तुडुमाजवळ ते वाकले, पाण्याखालचा सगळ्यात वरचा खुंटा हलवून सैल केला आणि पाणी आधी गुळगुळ करत, मग एका दमात सुटलं. मी शेजारी उभी. भूगोलाची एम.ए., पाणकराची लेक, ओजेटीची मॅडम. काय विचारावं तेच सुचेना. इतक्या वर्षांचं न विचारलेलं सगळं एकदम दारात येऊन उभं राहिलं होतं आणि एकाचंही नाव आठवत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "बाबा, वरचं भोक पह्यले काऊन काढता? खालचं काढलं त पानी जोरानं येईन ना?"

बाबांचा चेहरा उजळला. अगदी उजळला, मी पाहिलं. ते म्हणाले, "हेच त्या पोरीनं पह्यल्या दिवशी इचारलं होतं."

मला वाटलं, आता या तलावात उडी घ्यावी. ते आपल्याच आनंदात सांगत होते, की खालचं पाणी गार असते, गाळ घेऊन येते, आणि त्याचा जोर इतका की खुंटा परत बसत नाही. मी हो हो करत होते. माझ्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर उष्टं निघालं होतं. त्या रागात मी पाळीखाली पाहिलं. आमची बांधी कोरडी होती, लोंब्या माना टाकून होत्या आणि पाटाचं पाणी तिच्या अगदी कडेनं, तिला न शिवता, टोकाकडे चाललं होतं. आणि माझ्या तोंडून, विचार न करता, निघून गेलं, "तुमाले कधी वाटत नाही का बाबा, का एखांद्या साली आपली बांधी पह्यले भिजवावी?"

बाबा थांबले. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली, न उघडता परत ठेवली. 

"दरसाल वाटते," ते म्हणाले. "इथं उभा राहिलो का वाटते. हात शिवशिवते." मग म्हणाले, "मायले सांगू नोको."

मी विचारलं, रश्मीला हे सांगितलं होतं?

"तिनं इचारलं नाही," बाबा म्हणाले.

मला इतका आनंद झाला की त्याची लाज वाटली. बाप इतक्या वर्षांचं मन मोकळं करत होता आणि मी मनातल्या मनात गुण मोजत होते. पण झाला आनंद, तो काय लपवू? मग आनंद ओसरला आणि मला ते दरसाल दिसायला लागलं. दरवर्षी इथं, दव पडलेल्या दगडावर, हात शिवशिवत असलेला एक माणूस, आणि घरी जाऊन बायकोची कुरकुर आणि लेकीचं अबोल तोंड.

मी पाळ उतरून खाली गेले. आमच्या बांधीचं तोंड गेल्या पाण्यापासून मातीनं बुजवलेलं होतं, पण एका बाजूनं ती माती खचली होती आणि बारीकशी धार आत शिरत होती. धानाच्या दोनचार बुडख्यांना ओल लागलीही होती. मी वर पाहिलं. बाबा बघत होते. मी सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली, खाली बसले, आणि दोन्ही हातांनी चिखल उचलून आमच्या बांधीचं तोंड नीट बंद केलं.